वाढत्या अंगाचा पट्टा घ्यावा का? ग्रेट डेनचं पिल्लू, वय ९ आठवडे

सांजसावली

नमस्कार. ग्रेट डेन, नर, वय ९ आठवडे, वजन ९.४ किलो. मापं शिंप्याच्या टेपने घेतली आहेत: मान खांद्यालगत ३४ सेंमी, कानांच्या अगदी मागे ३१ सेंमी, डोक्याचा सर्वांत रुंद घेर ३८ सेंमी. आम्ही नाशिकला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. पावसाळा दीड महिन्यावर आलाय.

दुकानदाराचं म्हणणं, ४५ ते ६५ सेंमीचा जाड पट्टा एकदाच घ्या, आतून दोन भोकं जास्तीची पाडून देतो, मोठा झाला तरी चालेल. पिल्लू जिथून आणलं तिथे मात्र साखळीच बांधा, ताकदवान जात आहे, असं सांगितलं. घरात आजेसासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा बांधलाय, तो सध्या सैल आहे.

मला नेमकं हे हवंय: आता कोणत्या मापाचा, किती रुंदीचा पट्टा घ्यावा आणि वर्षभरात असे किती लागतील? नायलॉन, चामडं की ते प्लॅस्टिकचा लेप दिलेलं बायोथेन? गोचिडांचा औषधी पट्टा आणि साधा पट्टा एकत्र चालतात का? आणि लीश (हातात धरायची दोरी) पट्ट्याला लावावी की हार्नेसला (छातीभोवती घालायच्या पट्ट्यांच्या साजाला)?

---

घाटवाट

मापं व्यवस्थित दिलीत त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, पट्टा घेऊ नये. सैल शर्टात मूल फार तर गबाळं दिसतं. सैल पट्ट्यातून पिल्लू रस्त्यावर मागे सरकत डोकं काढून घेतं आणि तुमच्या हातात लीशला लोंबणारा रिकामा पट्टा उरतो. दुसरा धोका घरातला: कान खाजवताना मागचा पाय सैल पट्ट्यात अडकतो, किंवा पट्टा चावायला जाऊन खालचा जबडा आत अडकतो. जबडा अडकला की पिल्लू घाबरून गिरक्या घेतं, पट्ट्याला पीळ बसतो आणि तो आणखी आवळतो. म्हणून ४५ पासून सुरू होणारा पट्टा ३४ सेंमीच्या मानेला आज नको. भोकं पाडून तो लहान केला तरी जवळपास तीस सेंमीचं शेपूट बाहेर लोंबतं आणि ते चावायला आयतंच सापडतं.

आता माप. पट्टा साधारण मानेच्या मध्यावर बसतो, खांद्यालगत नाही. तिथे टेप त्वचेला टेकवून पण न आवळता धरा. तुमच्या आकड्यांवरून ते ३२ ते ३३ येईल. त्यात ३ ते ४ सेंमी मिळवा. म्हणजे आज पट्टा ३६ सेंमीवर लावायचा. मग मोठ्या माणसाची दोन बोटं चपटी, एकमेकांशेजारी, पट्टा आणि मान यांच्यामध्ये जायला हवीत. बोटं ढकलावी लागली तर घट्ट आहे. बोटं उभी फिरवता आली तर सैल. हे मानेच्या बाजूला तपासा, गळ्याखाली नको, कारण तिथली सैल कातडी बोटांना हवी तेवढी जागा करून देते. पिल्लू उभं असताना एकदा आणि बसलेलं असताना एकदा बघा. बसल्यावर मान आखडते आणि घेर वाढतो. उभ्याला नेमका बसलेला पट्टा बसल्यावर रुतत असेल तर एक सेंमी सोडा.

शेवटी, पिल्लाच्या समोर उभं राहून पट्टा हळूच कानांकडे ओढा. एका कानावरून जरी सरकला तरी सैल आहे.

ही जात वाढते कशी ते लक्षात घ्या. नर डेनची मान पहिल्या चार-पाच महिन्यांत आठवड्याला साधारण एक सेंमी वाढते, एखाद्या आठवड्यात त्याहून जास्त. तुम्ही दिलेला सैलपणा ३ ते ४ सेंमी. म्हणजे आज अगदी बरोबर बसवलेला पट्टा तीन आठवड्यांत घट्ट होणार. रोज डोळ्यांसमोर असलेल्या पिल्लाची वाढ नजरेला कळत नाही, बोटांना कळते. सहा महिन्यांचं होईपर्यंत आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी बोटं घालून बघा. सहा ते बारा महिने आठवड्यातून एकदा. पुढे महिन्यातून एकदा, दोन वर्षांचा होईपर्यंत, कारण उंची थांबल्यावरही नराची मान भरत राहते.

पट्टे तीन लागतील, आणि ते धरूनच चाला:

पहिला, ३० ते ४५ सेंमी, रुंदी २० मिमी, हलका नायलॉन. साधारण चार-साडेचार महिन्यांपर्यंत.
दुसरा, ४० ते ५८ सेंमी, रुंदी २५ मिमी. आठ-दहा महिन्यांपर्यंत.
तिसरा, ५० ते ७० सेंमी, रुंदी ३८ ते ४० मिमी. हा टिकाऊ घ्या.

मधले आकडे पिल्लागणिक पुढेमागे होतात. म्हणून महिने मोजू नका, पट्टा बघा. लांबी वाढवायला ३ सेंमीच शिल्लक राहिली की पुढचा पट्टा घरात आणून ठेवायचा. तो लगेच त्याच्या सर्वांत लहान मापावर चढवू नका, कारण तिथे दुहेरी पट्टीचा कडक उंचवटा नेमका गळ्याला टोचतो. दोन पट्ट्यांची मापं एकमेकांवर थोडी चढती घ्यायची ती यासाठीच.

साखळी अजिबात नको. डेनचे केस आखूड असतात, साखळीच्या कड्यांत ते तुटतात आणि मानेभोवती टक्कल पडतं. आवळणारी साखळी तर पिल्लाला कधीच घालू नये. ती कुठे थांबायचं हे जाणत नाही, कुत्रा ओढेल तितकी आवळत जाते.

---

खुरपाऊल

पशुवैद्य म्हणून आधी काळ्या दोऱ्याबद्दल, कारण या धाग्यातली सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे. तो आजच कापून काढा.

दोरा बारीक असतो, ताणत नाही, आणि केसांखाली दिसत नाही. पिल्लू वाढतं, दोरा तेवढाच राहतो. आधी तिथले केस झिजतात, मग त्वचेला चीर पडते, मग त्वचा दोऱ्यावरून वाढून त्याला आत घेते. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त मानेला ओलसर घाण वास येतो आणि पिल्लू मानेला हात लावू देत नाही. लोक त्याला अंगाचा वास समजून अंघोळ घालतात. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडतात. दोऱ्याने असं होतं, लाल रिबिनीने होतं, घुंगरांच्या गोफाने होतं, आणि लहानपणी घालून विसरलेल्या पट्ट्यानेही होतं. आजींना दुखवायचं नसेल तर दोरा त्याच्या झोपायच्या जागेच्या वर, तोंड पोचणार नाही अशा उंचीवर बांधा. गळ्यात नको, पायातही नको.

कुणाच्या पिल्लाला किंवा गल्लीतल्या पिलाला असा रुतलेला दोरा दिसला तर तो ओढून काढू नका. मोकळा असेल तर बोथट टोकाच्या कात्रीने कापा. मांसात गेला असेल तर तसाच ठेवून दवाखान्यात आणा. भूल देऊन काढावा लागतो. जखमेत डांबरगोळी, टर्पेंटाइन, रॉकेल, फिनेल घालू नका. अळ्या त्याने मरतील, पण जिवंत मांसही जळतं आणि विष अंगात भिनतं.

गोचिडांच्या पट्ट्याबद्दल. तो साध्या पट्ट्याबरोबर चालतो, पण चार गोष्टी सांभाळा.

वय आणि वजन खोक्यावर वाचा. काही पट्टे सात आठवड्यांपासून चालतात, काही बारा आठवड्यांनंतरच. काहींत आठ किलोच्या खाली आणि वर अशी दोन मापं येतात. तुमचं पिल्लू ९.४ किलोचं आहे, म्हणजे अशा पट्ट्यात मोठं माप. तरी कोणतं औषध ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, विशेषतः आत्ताच दुसरं काही गोचिडांचं औषध दिलं असेल तर.

औषधी पट्टा त्वचेला टेकला तरच काम करतो. दोन बोटांचाच नियम. साध्या पट्ट्याच्या वर, कानांच्या बाजूला घाला, म्हणजे दोन्ही एकमेकांवर घासत नाहीत. उरलेलं शेपूट लगेच शून्यावर कापू नका. वाढत्या पिल्लाला सैल करायला थोडी लांबी लागते. ती लूपमध्ये खोचून ठेवा, बाहेर लोंबू देऊ नका.

लीश कधीही औषधी पट्ट्याला लावू नका. तो ताणासाठी केलेला नसतो.

आणि चौथी, घरात मांजर असेल तर डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक असलेला पट्टा टाळा. मांजराच्या शरीराला ते औषध मोडता येत नाही. कुत्र्याला चाटल्याने किंवा त्याच्याजवळ झोपल्यानेही मांजराला त्रास होऊ शकतो. दुसरं पिल्लू बरोबर खेळत असेल तर ते हा पट्टा चावत नाही ना, तेही बघा.

साध्या पट्ट्याखालीच गोचीड सर्वांत जास्त दडतात, हेही सांगून ठेवतो. अंधार, ऊब आणि ओल तिघंही तिथे. पट्टा रोज काढून मानेभोवती उलट्या दिशेने केस फिरवून बघा. डेनच्या आखूड केसांत ते दोन मिनिटांचं काम आहे.

आता हार्नेस की पट्टा. डेन आणि डॉबरमन या जातींत मानेच्या मणक्यांमुळे मज्जारज्जू दबण्याचा आजार, ज्याला वॉबलर म्हणतात, इतर जातींपेक्षा जास्त दिसतो. पट्ट्याने तो होतो असं नव्हे, पण ज्या जातीची मान मुळात नाजूक तिच्या मानेला झटके देऊ नयेत. शिवाय पट्ट्याने ओढल्यावर डोळ्यांतला दाब वाढतो आणि हार्नेसने वाढत नाही, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. म्हणून ओढायची सवय जाईपर्यंत लीश हार्नेसला आणि ओळखीचा बिल्ला पट्ट्याला.

---

टाके_दोरे

चामड्याचं आणि पट्टीचं काम रोज करत असल्याने मी फक्त वस्तूबद्दल लिहितो.

पहिल्या दोन पट्ट्यांवर पैसे घालवू नका, पण तपासून घ्या. नायलॉन म्हणून जे विकलं जातं त्यात बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीन असतं. ते हलकं, खरखरीत आणि थोडं चमकतं. उन्हात सहा महिन्यांत ठिसूळ होतं. खरं नायलॉन मऊ आणि वजनाला भरीव लागतं, मात्र पाणी पितं आणि ओलं झाल्यावर थोडं सैलावतं. पावसात पॉलिएस्टरची पट्टी त्यापेक्षा बरी. पट्टीची कड आणि आगीने वितळवलेलं टोक मनगटाच्या आतल्या बाजूला तीन-चार वेळा घासून बघा. तुमच्या कातडीवर रेघ उठली तर आखूड केसांच्या पिल्लाच्या गळ्यावरही उठणार.

शिवण बघा. कडीच्या दोन्ही बाजूंना चौकोन आणि त्यात फुली असे टाके हवेत. नुसती एक आडवी शिवण असेल तर ठेवून द्या. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची कडी सांधा जोडलेली हवी. सांध्यात नख गेलं तर ती फक्त वाकवलेली आहे आणि मोठ्या कुत्र्याच्या एका हिसक्यात उघडते. खिशात छोटं लोहचुंबक न्या. चकचकीत कडीला ते घट्ट चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा आहे, दोन पावसाळ्यांत गंज धरणार. पितळेला चिकटत नाही, स्टेनलेसला चिकटलंच तर अगदी हलकं. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पितळ किंवा स्टेनलेसच घ्यावं.

बॅगेला असतं तसं दोन्ही बाजूंनी दाबून उघडायचं प्लॅस्टिकचं बकल पहिल्या पट्ट्याला चालतं, किंबहुना तेच बरं, अडचणीत चटकन सुटतं. वीस-पंचवीस किलोच्या पुढे मात्र त्याच्यावर लीशचा भरवसा ठेवू नका. माती आणि वाळू आत गेली की त्याचे दात पूर्ण बसत नाहीत, वरून लागल्यासारखं दिसतं आणि ओढ बसली की निसटतं. लावताना टक असा आवाज दोन्ही बाजूंनी यायला हवा. दर पंधरवड्याला साध्या पाण्यात धुऊन जुन्या टूथब्रशने साफ करा. दुसऱ्या पट्ट्यापासून धातूचं काट्याचं बकल घ्या.

लांबी कमीजास्त करायची जी सरकती कडी असते, तिथे लोक फसतात. गुळगुळीत पट्टीवर ती रोज थोडी थोडी सरकते आणि पट्टा सैल होत जातो. माप लावलं की कडीच्या कडेला लागून पट्टीवर बॉलपेनने बारीक रेघ मारा. आठवड्याने रेघ कडीपासून दूर गेलेली दिसली तर पट्टा सरकतोय.

चामडं. पहिल्या वर्षी घेऊ नका, कारण भोकांच्या पट्ट्याला पाच भोकं अडीच सेंमीवर असली तरी पहिल्यापासून पाचव्यापर्यंत दहाच सेंमीची सोय मिळते, आणि ती तुमच्याकडे अडीच महिन्यांत संपेल. दीड वर्षानंतर घ्या. तेव्हा चामडं वनस्पतींच्या सालीत कमावलेलं मागा. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्या जातीचं. पूर्ण वाढलेल्या डेनला जाडी ३.५ ते ४ मिमी आणि रुंदी ४० मिमी. क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या पातळ चामड्याचे दोन थर मध्ये पुठ्ठा घालून शिवलेले पट्टे दिसायला भारदस्त असतात, पण पहिल्या पावसात पुठ्ठा फुगतो आणि टाके उसवतात.

ऑर्डर देताना सर्वांत जास्त चुका मापात होतात. चामड्याच्या पट्ट्याचं माप म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची लांबी नव्हे. बकलचा काटा जिथे पट्टीला अडकलेला असतो तिथपासून मधल्या, म्हणजे तिसऱ्या भोकापर्यंतचं अंतर ते माप. मान ५६ आणि सैलपणा ४ धरला तर काट्यापासून मधलं भोक ६० सेंमीवर हवं. हे असंच लिहून द्या, आणि सेंमी की इंच तेही लिहा.

दुकानदार देतो म्हणाला तशी जास्तीची भोकं पाडायची वेळ आलीच, तर गोल पंचनेच पाडून घ्या. खिळ्याने किंवा सुरीने पाडलेल्या भोकाला कोपरा राहतो आणि चामडं तिथूनच फाटत जातं. दोन भोकांत दीड सेंमीपेक्षा कमी अंतर नको.

पावसाळ्यासाठी बायोथेन उत्तम. आत पॉलिएस्टरची पट्टी आणि वर लेप, त्यामुळे पाणी पीत नाही, फडक्याने पुसलं की कोरडं, वास धरत नाही. दुसरा पट्टा तुमचा नेमका पावसाळ्यात येतोय, तो याचा घ्या. फक्त पट्टीच्या कडा गोल केलेल्या हव्यात. चामडं असलेल्यांनी ते ओलं झालं तर सावलीत वाळवावं. उन्हात किंवा गॅसजवळ वाळवलं की तडकतं. बुरशी आली तर कोरड्या कापडाने पुसून, वाळवून, मग तेलाचा अगदी हलका हात. जास्त तेलाने चामडं लांबतं आणि भोकं ओघळतात.

---

माळरान

वरचं सगळं बरोबर आहे, पण कुणी कारवान किंवा मुधोळ पाळणारं हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडं वेगळं. लातूर-नांदेडकडची कारवान, पश्मी, आणि बागलकोटकडची मुधोळ ही शिकारी, लांब मानेची कुत्री. त्यांचं डोकं मानेइतकंच अरुंद असतं. साधा पट्टा दोन बोटांच्या नियमाने अगदी बरोबर लावला तरी घाबरल्यावर मागे सरकून ती अलगद बाहेर येतात, आणि सुटली की पळून धरणं अशक्य.

त्यांना मार्टिंगेल पट्टा लागतो. मोठा वळसा गळ्याभोवती, त्याच्या दोन टोकांना दोन कड्या, आणि त्या कड्यांतून ओवलेला छोटा वळसा. लीश छोट्या वळशाला. ओढ बसली की मोठा वळसा ठरावीक मापापर्यंतच आवळतो. ते ठरावीक माप म्हणजे कानांच्या मागचा, मानेचा सर्वांत बारीक घेर. बसवून झालं की छोटा वळसा हाताने पूर्ण ओढा. दोन कड्यांमध्ये तीन-चार बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. कड्या एकमेकींना टेकल्या तर पट्टा सैल आहे, डोकं निघेल. अंतर पाच-सहा बोटं असेल तर लहान पडतोय. वाढत्या पिल्लात हे अंतर हळूहळू वाढत जातं, तीच पट्टा बदलायची खूण. रुंदी ४० मिमीच्या पुढे, आतून मऊ अस्तर, कारण यांची कातडी पातळ असते.

मात्र हा पट्टा फक्त फिरायला नेताना. घरी आल्यावर काढायचा. छोटा वळसा ग्रीलला, दाराच्या कडीला किंवा दुसऱ्या कुत्र्याच्या दाताला सहज अडकतो.

---

सांजसावली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोरा काल रात्रीच कापला, त्वचेवर काही खूण नाही. आजींना रुतलेल्या दोऱ्याचं समजावून सांगितलं, त्यांनीच कात्री आणून दिली. ३० ते ४५ सेंमीचा, २० मिमीचा पट्टा घेतला आणि ३६ वर लावलाय.

अजून तीन गोष्टी. हार्नेस कोणत्या आकाराचा? शेजारी पाच महिन्यांची लॅब्रॅडॉर आहे, दोघं रोज खेळतात, तेव्हा पट्टा ठेवायचा का? आणि स्वयंपाकाच्या वेळी अर्धा तास त्याला गॅलरीच्या ग्रीलला बांधलं तर?

---

घाटवाट

हार्नेस पुढून बघितल्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा घ्या. छातीच्या हाडावरून एक पट्टी खाली, दोन पट्ट्या मानेच्या दोन्ही बाजूंनी वर. छातीवरून, खांद्यांवरून सरळ आडवी पट्टी जाणारे हार्नेस पुढचा पाय पूर्ण पुढे टाकू देत नाहीत. वाढत्या हाडांच्या पिल्लाला तसा रोज चालवू नये. छातीभोवतीचा पट्टा कोपराच्या मागे तीन-चार बोटं सोडून बसला पाहिजे. काखेत लागला तर दोन दिवसांत तिथे लाल होतं. छातीच्या पुढे आणि पाठीवर अशा दोन कड्या असतील तर उत्तम. ओढायला लागलं की पुढच्या कडीला लीश लावा, ओढ बाजूला वळते आणि जोर निघून जातो. डेनच्या छातीचा घेर पहिल्या वर्षात जवळपास दुप्पट होतो, म्हणून हार्नेसही दोन-तीन लागतील, महागडा घेऊ नका.

खेळताना दोघांचेही पट्टे काढा. पिल्लं एकमेकांची मान तोंडात धरून खेळतात. एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्याखाली गेला की दोघंही घाबरतात, एक गोल फिरतो, आणि ज्याच्या गळ्यात पट्टा आहे त्याचा श्वास कोंडतो. त्या क्षणी दोघांना वेगळं ओढू नका, पट्टा आणखी आवळतो. दोघांना एकमेकांकडे ढकला, गिरकीच्या उलट दिशेने फिरवून पीळ सोडवा, आणि बकल उघडा. काट्याचं बकल ताणात उघडत नाही, तेव्हा पट्टा कापावाच लागतो. जाड कात्री दाराजवळ टांगून ठेवा. अंगणात पट्टा ठेवणं भागच असेल तर ताण आल्यावर आपोआप सुटणारे पट्टे मिळतात. त्यांना बकलच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी असते, फिरायला नेताना लीश दोन्ही कड्यांना एकत्र लावली की ते सुटत नाहीत.

गॅलरीत बांधणं नको. तिसऱ्या मजल्यावर तर मुळीच नको. पिल्लू उडी मारून ग्रीलच्या पट्टीवर पाय टाकतं, घसरतं, आणि पट्ट्याला लटकतं. अर्ध्या तासासाठी स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावा, त्याला आत चघळायला काहीतरी द्या आणि पट्टा काढून ठेवा. नेहमीसाठी आखूड साखळीला बांधून ठेवण्याबद्दल सांगायचं तर, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे.

---

खुरपाऊल

घरात पट्टा काढायचा म्हटल्यावर ओळखीचा प्रश्न येतो. दार उघडं राहून पिल्लू जिना उतरलं तर गळ्यात काहीच नाही. म्हणून मायक्रोचिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली, लसीच्या वेळीच बसवता येते. पंधरा आकडी क्रमांक तुमच्या फोन नंबरशी जोडून नोंदवला आहे याची खात्री करा, नोंद नसलेली चिप कुणाच्या कामाची नाही.

पट्ट्यावरचा बिल्ला लोंबता नको, त्याचा आवाज होतो आणि तो फटीत अडकतो. पट्टीवर सपाट रिव्हेट केलेली धातूची पट्टी घ्या, तिच्यावर दोन फोन नंबर कोरून. महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला मिळाला तर तो फिरायच्या हार्नेसला लावा.

पहिले चार-पाच दिवस तो पट्टा खाजवेल. जेवणाच्या आधी घाला, जेवण झालं की दहा मिनिटांनी काढा, मग वेळ वाढवत न्या. पाच दिवसांनंतरही खाजवत असेल तर पट्टा काढून खालची त्वचा बघा. लाल पुरळ असेल तर रंगाची किंवा धातूची ॲलर्जी असू शकते. अंघोळीनंतर आणि पावसातून आल्यावर मान पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पट्टा घालू नका.

---

सांजसावली

आठ दिवसांनी लिहितेय. आजची मापं: वजन ११ किलो, मान मध्यावर ३४, खांद्यालगत ३५.५. पट्टा ३६ वर लावला होता, आज दोन बोटं ढकलूनच जात होती. पण पेनची रेघ कडीपासून जवळपास एक सेंमी लांब दिसतेय. म्हणजे पट्टा सरकून सैल झालाय आणि तरीही घट्ट बसतोय. असं कसं?

---

टाके_दोरे

दोन्ही खरं आहे. पट्टा सरकून ३७ च्या आसपास गेला असणार. मानेच्या मध्याचा घेर आठवड्यात एक ते दीड सेंमी वाढला, आणि तुम्ही बहुधा बसलेलं असताना तपासलंत. सरकला नसता तर आज एक बोटही गेलं नसतं.

सरकती कडी सोडून पट्टी परत ओवा. पट्टीचं टोक मधल्या दांडीवरून जाऊन परत स्वतःच्याच खालून, दोन थर एकावर एक येतील असं निघालं पाहिजे. बऱ्याच पट्ट्यांत ते कारखान्यातून एकेरीच ओवलेलं येतं, तिथे घर्षण कमी पडतं. दुहेरी ओवून आता ३८ वर लावा आणि नवी रेघ वेगळ्या रंगाच्या पेनने मारा. चार दिवसांत तीही सरकली तर तो पट्टा घरात बिल्ल्यापुरता ठेवा, आणि दुसरा घेताना खरखरीत विणीची पट्टी व दातेरी दांडीची कडी बघून घ्या.

---

सांजसावली

एकेरीच ओवलेलं होतं. दुहेरी करून ३८ वर लावलंय, उभ्याला आणि बसलेल्याला दोन्ही तपासलं. लाल रेघ मारलीये. बुधवारी आणि रविवारी बघेन.